बारवीच्या उतारावर थांबता यावे म्हणून

सोमवारी सकाळी एक गृहस्थ आमची मोटारसायकल विकत न्यायला येणार होते, आणि त्याच सकाळी मला बारवी धरणापलीकडच्या एका पाड्यावरील शाळेत शिक्षिका म्हणून रुजू व्हायचे होते. पाड्याकडे जाणारी एसटी शाळा भरल्यानंतर तासाभराने पोहोचते. गाडी गेली तर नोकरीही जाणार, हे बाबांनाही ठाऊक होते. पण त्यांचे म्हणणे सरळ होते. "अठरा वर्षं तिनं मला कारखान्यात नेलं-आणलं. आता म्हातारी झाली. मागचा ब्रेक लागत नाही, आणि बारवीला उतार आहेत. तिच्यावर मी तुला पाठवणार नाही."

"रविवारपर्यंत थांबा," मी म्हणाले. "उतारावर थांबली नाही, तर खुशाल द्या."

घरात मी इतके ठाम क्वचितच बोलते. त्या आश्चर्यातच बहुधा त्यांनी होकार दिला.

शनिवारी सकाळी सीटखालची जुनी माहितीपुस्तिका काढून मी आधी स्वतःच तपासणी केली. मागच्या ब्रेकचे पेडल पुस्तिकेत सांगितले आहे तितकेच दबत होते. मागच्या चाकाजवळचा नट दोन फेरे आवळून पाहिला. पेडलपासून चाकापर्यंत जाणारी ब्रेकची सळई वाकलेली नव्हती. ब्रेकची झीज दाखवणारा बाणही खुणेच्या आत होता. सगळी उत्तरे बरोबर आणि तरीही निकाल शून्य! असा पेपर मी आयुष्यात पाहिला नव्हता.

मग बदलापूरहून अंबरनाथजवळच्या मोरिवलीचा रस्ता धरला. रहदारी वाढण्याआधी निघून, दुसऱ्या गिअरमध्ये, डावी कड न सोडता, फक्त पुढच्या ब्रेकवर मी तिथवर पोहोचले. वाचकांनी याचे अनुकरण करू नये. अशी गाडी टेम्पोत घालून न्यावी. एरवी वीस-पंचवीस मिनिटांचा हा रस्ता मला तासभर पुरला.

मोरिवलीत, कारखान्यांच्या भिंतींना लागून जुने गाव आहे. तिथे बाळारामकाकांचे गॅरेज. बाबांची पाळी सुटली की गाडी इथेच यायची. काकांनी आधी माझ्या हातातली पुस्तिका पाहिली.

"काय गो बाय, पुस्तक आणलंस? मग वाचून दाखव तिला. लाजून थांबेल."

मी खाली मान घालून चारही मुद्दे सांगितले. ते ऐकता ऐकता त्यांची थट्टा थांबली. "मग बाहेर काय नाय. आत बघायला पायजे. घे पाना."

पाना त्यांनी माझ्याच हातात दिला. त्यांच्या सूचनांनुसार सळई सोडवली, आस काढला आणि चाक बाहेर घेतले. ब्रेकच्या ड्रमचे झाकण उघडताच काका वाकले आणि त्यांनी वास घेतला. आतल्या दोन अर्धगोल ब्रेक शूंना, म्हणजे गॅरेजच्या भाषेत लायनरना, काळी तुकतुकीत चकाकी आली होती.

"हिला तेल कोणी पाजलं?"

माझे कान तापले. पुस्तिकेत ब्रेकच्या खुंटीला, म्हणजे आतले शू फाकवणाऱ्या दांडीला, वंगण द्यावे, असे एक वाक्य आहे. दसऱ्याला गाडी धुतल्यावर, पूजेआधी, मी ते वाक्य मनापासून पाळले होते. कुपीचे टोक फटीत घालून तेल सोडले. ते आत गेलेले दिसेना, म्हणून पुन्हा सोडले.

"मी," मी म्हणाले.

"दसऱ्याला?"

मी मान हलवली.

"तरी बोललो! दसरा झाला का माझ्याकडं चार-पाच गाड्या येतातच. हँडलला झेंडू नि ब्रेकला तेल. अगो, सगल्या गाडीत हीच एक जागा कोरडी लागते, नि भक्ती नेमकी तिथंच!"

ते हसत होते. मला हसता येईना. महिनाभर बाबा गाडीच्या वयाला दोष देत होते आणि मीही ते मान्य केले होते.

"पॉलिश पेपरने घासले तर?" मी विचारले.

"वरून घासशील. तेल आत मुरलंय. उतारावर गरम झालं का पुन्हा वर येल. नवीन आण. नि जुना एक संगती ने."

उल्हासनगरला रिक्षाने गेले. तिथल्या कॅम्प वस्तीतल्या सुट्या भागांच्या त्या दुकानात काउंटरला माणसे तीन थरांत उभी असतात आणि मागणी ओरडून करायची असते. मी व्यवस्थित चिठ्ठी लिहून नेली होती. ती हातात धरून उभी राहिले. माझ्यामागून आलेले चौघे सामान घेऊन गेले. पाचवा पुढे सरकला, तेव्हा मी पिशवीतून तेलकट शू काढून काचेवर ठेवला.

"कृपया, पहले मेरा."

चष्मा कपाळावर चढवलेले सिंधी दुकानदार काका थबकले. "कृपया! तीस साल में पहली बार सुना इस काउंटर पे. अरे, हटो सब, मैडम को देखने दो." चिठ्ठीकडे त्यांनी पाहिलेच नाही. जुना शू उलटसुलट करून, मोजून, त्यांनी दोन खोकी काढली. "ये लो, बेटी. सस्तावाला मत लो, आवाज़ करेगा." अडीचशेच्या आत काम झाले. जुन्या गाडीसाठी येणार असाल, तर खरोखरच जुना भाग सोबत आणा.

दुपारी मोरिवलीत परतून ड्रम पेट्रोलने पुसला आणि पूर्ण वाळू दिला. काका आतली धूळ फुंकणार होते. ती छातीला वाईट, म्हणून मी ओले फडके पुढे केले. "हे पण पुस्तकात?" त्यांनी विचारले, पण फडके घेतले. खुंटीला त्यांनी काडीच्या टोकावर मावेल एवढेच ग्रीस लावले. चाक बसवताना एक युक्ती शिकवली: ब्रेकचे पेडल दाबून धरायचे आणि मगच आसाचा नट आवळायचा, म्हणजे शू ड्रमच्या मध्यावर बसतात. पुस्तिकेत ही ओळ नाही. मी ती पेन्सिलने लिहून घेतली.

रविवारी सकाळी बाबा मागे बसले आणि म्हणाले, "चल, थेट उताराला."

"आधी नाही," मी म्हणाले. "नवे शू ड्रमला बसावे लागतात. सपाटीवर हळूहळू पन्नासदा तरी थांबायचे."

"पन्नास? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

बदलापूरच्या बाहेर, नव्या इमारतींमागच्या रिकाम्या रस्त्यावर आम्ही पन्नासदा थांबलो. बाबा मोजत होते. पहिल्या दहा वेळा गाडी आळसाने थांबली. चाळिशीनंतर पेडलला जोर आला. तिथेच, गाडी उभी असताना, मी मागे न वळता दसऱ्याची गोष्ट सांगितली. वळले असते तर सांगता आली नसती.

"म्हणजे म्हातारी झाली नव्हती ती," बाबा म्हणाले. "मीच उगाच..." आणि मग, "चल."

बारवीच्या रस्त्यावर भातकापणी चालू होती. कडेला पेंढा पसरलेला असतो आणि त्यावर चाक घसरते. या दिवसांत येणाऱ्यांनी जपावे. उतार सुरू झाला. मोठ्या आंब्यापाशी थांबून दाखवायचे, असे आमचे ठरले होते. त्याच्या बरेच अलीकडे, वळणावर, डोक्यावर भाताचा भारा घेतलेली एक बाई रस्ता ओलांडताना दिसली. भाऱ्यामुळे तिला आम्ही दिसत नव्हतो.

मी दोन्ही ब्रेक एकत्र, न झटकता, दाबले. मागे बाबांचा पाय पायटेकणीवर इतका रोवला गेला की गाडी हलल्यासारखी वाटली. गाडी सरळ रेषेत, एकही हिसका न देता थांबली. बाई अजून चार हात दूर होती.

तिने भारा किंचित उचलून पाहिले. "अगो बाय, दमानं चालव गो! नि मागं बापूस बसलाय ना, त्याला घाम फुटलाय बघ."

थांबून दाखवायचे ते दाखवून झाले होते, म्हणून आंब्यापर्यंत आम्ही गेलोच नाही. धरणाच्या अलीकडे चहा घेतला आणि परतलो.

दोन दिवसांत मी शंभर किलोमीटरही फिरले नसेन. पण उत्तरे बरोबर असूनही निकाल चुकतो, तेव्हा चूक आपल्याच हातची असू शकते, हे मला आजवर कोणत्याही परीक्षेत कळले नव्हते. ते पचायला वेळ लागेल.

घरी पोहोचताच बाबांनी खरेदीदाराला फोन लावला. "नमस्कार. ती गाडी... आता माझ्याकडे नाही. माझ्या मुलीची आहे. तिच्याशीच बोला." आणि त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचे, तर मी आधी वाक्ये लिहून काढते. या वेळी कागद नव्हता.

"नमस्कार," मी म्हणाले. "गाडी विकायची नाही. उद्यापासून मला रोज लागणार आहे."