मी गाडीतून उतरलो तेव्हा
तापलेल्या डांबराचा वास आला की अमेरिकेतल्या कॅरी गावातली ती दुपार आठवते. पोलिसानं आमची गाडी थांबवली. साहेब चालत येणार आणि आपण बसून राहायचं, हे मला पटेना. मी अदबीनं उतरलो आणि लायसन्ससाठी मागच्या खिशात हात घातला. मी बंदूक काढतोय असं वाटून तो ओरडला, त्याचा हात पिस्तुलावर गेला. "हात वर कर यार, वर!" शेजारी बसलेला मित्र आतून किंचाळला. मी हात वर केले. पोलीस समज देऊन गेल्यावर मित्र म्हणाला, "तो काय तुझा हेडमास्तर होता, उठून उभा राहायला?" हसू कुणालाच आलं नाही. या देशानं मला पदवी दिली, नोकरी दिली. आई फोनवर विचारते, "तिथं सुरक्षित आहेस ना रे?" मी मनापासून हो म्हणतो. गाडी सुरू करण्याआधी मात्र लायसन्स काढून समोर ठेवतो.