आधी मागे, मग पुढे

स्क्रू म्हटलं की लोकांना वाटतं, घातला, पिळला, झालं काम. डोंबलाचं झालं! मावशीसमोर असं कोणी म्हणालं असतं तर तिने त्याची बिनपाण्याने हजामत केली असती.

मावशीचं तारुण्य रेडिओच्या कारखान्यात गेलं, मागचं झाकण लावायच्या टेबलावर. आतल्या प्लास्टिकच्या खुंटीला नुसतं गुळगुळीत भोक असायचं. स्क्रू पहिल्यांदा शिरताना आपले आटे आपणच पाडायचा. त्याचं वरून सपाट, खालून निमुळतं डोकं झाकणाच्या खळग्यात असं बसायचं, की बोट फिरवलं तरी लागू नये. गंमत पुढेच आहे. उघडलेला रेडिओ पुन्हा लावताना स्क्रू सरळ रेटला, की जुने आटे मोडून तो नवे पाडतो. असं चार-दोनदा झालं की भोकाचा भुगा, आणि स्क्रू जागच्या जागी गरगरतो. म्हणून मावशी तो आधी उलटा फिरवायची. जुना आटा सापडला की बोटांना बारीक ‘टक्’ लागायचं. मग पुढे. वयाने सगळ्यांत लहान, पण सगळ्यांना दटावायची, म्हणून तिचं नाव पडलं ‘मागेफिर मावशी’.

तपासणीतला एक उंच तरुण तिच्याच टेबलावरचे रेडिओ सारखे परत आणायचा. स्वतःच झाकण उघडायचा, धसमुसळेपणाने लावायचा आणि आटे गेले म्हणून तिच्यापुढे उभा राहायचा. ती वैतागून शिकवायची, हा आपला तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. अशाने दुसरं काय होणार? लग्न झालं. कारखान्याने आहेरात एक रेडिओ दिला. त्याच्या झाकणाला मात्र तिने नवऱ्याला वर्षानुवर्षं हात लावू दिला नाही.

म्हातारपणी नवऱ्याची आठवण विरत गेली. आधी कारखाना गेला, मग लेक, मग मावशीही. “तुम्ही कोण, बाई?” असं तो अदबीने विचारायचा. मुक्या झालेल्या त्या रेडिओचं झाकण तो रोज दुपारी उघडायचा, पुन्हा लावायचा. तिला बघवायचं नाही. ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. तो गेला तोही तिला न ओळखताच.

आता लेक तिला आपल्या घरी न्यायला आली होती. सामान बांधताना गाडं रेडिओपाशी अडलं. लेकीचं म्हणणं, बाबांनी रोज पिळून पिळून आटे कधीच संपवले असणार, झाकण राहायचं नाही, भंगारात देऊ. मावशी म्हणाली, आतली तुटलेली तार जोडून बघते. झाकण बसलं तर रेडिओ येईल, नाही तर दे टाकून. तिलाही फारशी आशा नव्हती.

तार जोडून झाली. पहिला स्क्रू तिने सवयीने उलटा फिरवला. टक्. पुढे पिळला, तसा घट्ट बसला, डोकं खळग्यात सपाट. दुसरा लावला. टक्. तिसऱ्याला तिचा हात थांबला. इतकी वर्षं रोज उघडलेलं झाकण, आणि आटे जसेच्या तसे. त्याने एकदाही स्क्रू रेटला नव्हता.

रडायला काय झालं, असं लेकीने घाबरून विचारलं.

“मला विसरला गं,” मावशी म्हणाली, “पण मी शिकवलेलं नाही विसरला.”

तिने उरलेले स्क्रूही लावले. रेडिओ वाजतो का, हे बघायचं मात्र दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.