बाबांचा पांढरा डेलिया

टाउनशिपमध्ये माणूस क्वार्टरच्या नंबरावरून ओळखला जायचा, नाहीतर बागेवरून. आम्ही पांढऱ्या डेलियावाले होतो. फाटकापासून पायरीपर्यंत एका ओळीत ताटलीएवढी फुलं, मधोमध किंचित हिरवट झाक. जानेवारीत पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला की कारखान्यातून परतणारे लोक सायकली थांबवून ती बघायचे. बाबा खिडकीच्या आत बसून त्या बघणाऱ्यांना बघायचे. बाहेर मात्र मुद्दाम जायचे नाहीत.

बाग त्यांची एकट्याची होती. आईला देवासाठी जास्वंद तोडायची परवानगी होती, तीही कडेकडेनं चालून. मी एकदा हौसेनं पाण्याचा पाइप हातात घेतला, तर "मुळं उघडी पडतात" एवढंच म्हणून त्यांनी तो काढून घेतला. माणूस रागीट नव्हता, पण बोलायचा भारी आळस. दिवसभर मशीनच्या आवाजात ओरडावं लागतं, तेव्हा घरी तरी तोंडाला सुट्टी, असं त्यांचं म्हणणं. आम्ही दोघींनी ते कधीच मान्य करून टाकलं होतं. घरात बोलायचं काम आमच्याकडे आणि ते आम्ही मन लावून करायचो.

त्या वर्षी फेब्रुवारीत ते आजारी पडले आणि मे महिन्यात गेले. त्यांच्या जागी मला कारखान्याच्या ऑफिसात नोकरी मिळाली, म्हणून क्वार्टर राहिलं. टाउनशिपमध्ये ही रीतच होती. भेटायला आलेली माणसं डोळे पुसायची आणि दुसऱ्याच वाक्याला "अर्ज दिला का?" विचारायची. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आज वाटतं, त्यांच्याइतकं कामाचं कोणीच बोलत नव्हतं.

आजारपणाच्या धांदलीत बागेकडे कोणाचं लक्ष नव्हतं. एरवी बाबा फूल मान टाकायच्या आत खुडायचे. त्या वर्षी फुलं झाडावरच वाळली आणि त्यांत बी धरलं. आईनं ती बोंडं मार्चमध्येच काढून ठेवली होती. बाबा गेल्यावर तिनं ती चोळली, काळं चपटं बी निवडलं, स्टीलच्या डबीत भरलं आणि डबी देवघरात ठेवली. "ह्यांचे डेलिया यंदा मी लावणार," असं तिनं मला सांगितलं. मग शेजारीपाजारी, दूधवाला, मंदिरातल्या बायका, सगळ्यांना सांगून झालं. नवऱ्याच्या माघारी पहिली थंडी येणार होती आणि त्या थंडीत फाटकाशी तीच पांढरी ओळ उभी राहिली पाहिजे, एवढं एकच तिनं मनाशी धरलं होतं.

पिटूनिया, फ्लॉक्स, डॉग फ्लॉवर, सगळ्यांचं बी बाबा व्हरांड्यात वर्तमानपत्रावर वाळवायचे. ते आम्ही दरवर्षी पाहत होतो, त्यावरून चालताना बोलणीही खात होतो. तेव्हा डेलियाचंही तसंच असणार, यात शंका घ्यावी असं काही नव्हतं.

दसऱ्याच्या सुमाराला आईनं बी पेरलं. टी. टी. नगरच्या बाजारातून कुंड्या आणल्या, शेणखत चाळणीनं चाळलं. पिठाची जुनी चाळणी त्यात गेली. रोपं छान उतरली, मग ती फाटकापासून ओळीत लावली. मी ऑफिसातून आले की चहाच्या आधी मला रोपांचा अहवाल मिळायचा. कळ्या आल्यावर तर तिनं दुपारची झोपही सोडली.

पहिलं फूल उमललं ते भडक राणी रंगाचं. पाकळ्यांची एकच ओळ आणि मध्ये उघडा पिवळा डोळा. आई म्हणाली, "पहिलंच आहे. पुढची बघ." पुढचं विटकरी निघालं. त्याच्या पुढचं धुऊन धुऊन विटलेल्या साडीसारखं जांभळट. आई रोज सकाळी फाटकाशी जायची आणि तशीच परत यायची. येणारेजाणारे मात्र खूश. "भाभीजी, क्या रंग आए हैं!" म्हणून कौतुक करायचे आणि तिचा चेहरा आणखीच उतरायचा. त्या बिचाऱ्यांना काय कळणार?

शेवटच्या एका कळीवर तिची सगळी भिस्त होती, कारण ती बाहेरून फिकट दिसत होती. ती उमलली पिवळी, वर लाल शिंतोडे. आई पायरीवर बसली आणि म्हणाली, "माझ्याच हातानं काहीतरी बिघडलं. ह्यांचं एवढंच राहिलं होतं, तेही मला धड करता आलं नाही."

त्याच आठवड्यात मागच्या लाइनमधले काका आले. मूळचे ग्वाल्हेरचे, बाबांचे कारखान्यातल्या एकाच शॉपमधले दोस्त. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी ती रंगीबेरंगी ओळ न्याहाळली आणि विचारलं, "वहिनी, कंद नाही लावले का?"

"कसले कंद?"

"अहो, डेलिया बीजानं थोडीच लावतात! बीजातून कोणता रंग निघेल, काय पता. तो तर हर साली कंदच ठेवायचा, सुक्या वाळूत. गेल्या एप्रिलमध्ये पण काढले होते की. त्याच्यात ताकत नव्हती, मीच खोदून दिले. तुम्ही दोघी दवाखान्यात रिपोर्ट आणायला गेला होतात. मागच्या कोठडीत पेटी ठेवली त्यानं."

आईनं माझ्याकडे पाहिलं. जूनमध्ये, पावसाच्या आधी, आम्ही दोघींनी मिळून ती कोठडी साफ केली होती. वाळूच्या पेटीत सुरकुतलेली रताळी निघाली. ह्यांनी उपासाला कधीतरी आणून ठेवली असतील आणि विसरले असतील, असं म्हणत आईनं ती मागच्या दारी गायीला घातली. गाय रोजचीच होती. तिनं आवडीनं खाल्ली.

"कोणाकडे एखादा असेल का?" मी काकांना विचारलं.

"कोणाला देत नव्हता न तो," काका म्हणाले आणि कपात बघत बसले.

मला वाटलं, आई आता स्वतःलाच बोल लावत बसणार. पण ती ताडकन उठली. "तोंड नव्हतं का ह्यांना?" ती एवढ्यानं म्हणाली की काकांचा चहा बशीत सांडला. "एवढी वर्षं एका घरात राहिलो. बघ गं, हे कंद आहेत, एवढं एक वाक्य निघालं नाही तोंडातून? बागेत पाय ठेवू दिला नाही, हात लावू दिला नाही! मी काय खाल्ली असती त्यांची फुलं?" आणि ती रडायला लागली. बाबा गेल्यावर सगळ्यांसमोर ती पदर तोंडाशी धरून रीतसर रडली होती. हे रडणं तसं नव्हतं. ती त्यांच्याशी भांडत होती, मोठ्यानं, नाक पुसत, जिवंत माणसाशी भांडावं तसं. काका कप खाली ठेवून हळूच निघून गेले. मी तिला थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मलाही बाबांचा तेवढाच राग आला होता आणि तेवढीच त्यांची आठवण येत होती.

एप्रिलमध्ये झाडं वाळली. एका रविवारी जेवण करून मी आडवी झाले होते, तर बाहेरून हाक आली. आई भर उन्हात खुरपं घेऊन उकिडवी बसली होती. शेजारी मातीनं माखलेल्या कंदांचे घोस.

"इकडे ये आणि नीट बघून घे. हा राणी रंगाचा, हा विटकरी. माती झाडायची, धुवायचे नाहीत. सावलीत सुकले की वाळूत ठेवायचे."

"आई, ऊन किती आहे! संध्याकाळी सांग ना."

"आत्ताच बघ," ती मान वर न करता म्हणाली. "संध्याकाळी सांगू, असं ह्यांनाही वाटलं असेल."

मी चपला पायात सरकवल्या आणि बाहेर गेले.