अण्णाची गोळी आणि मी नेलेलं फळ

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या एसटी स्टँडवर कराडची गाडी लागायची वाट बघत होते. त्यालाच भेटायला निघाले होते. भाचा म्हणाला, "आत्या, कराडला नगा येऊ आता. आमी अण्णांना घेऊन उंब्रजला निघालोय." तरी कंडक्टरने विचारल्यावर मी कराडच म्हणाले, कराडला उतरले आणि दवाखान्याच्या दारापर्यंत चालतही गेले. तिथे आल्यावर कळलं की इथे आपलं कुणी नाही. याला महिना झाला. माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. फौजेतून सुभेदार होऊन परतला आणि उंब्रजला ऊस करत राहिला. तीन वर्षांपूर्वी छातीत दुखलं, हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली, आणि तेव्हापासून कोलेस्टेरॉलची गोळी मागे लागली. ती त्याने एक दिवसही चुकवली नाही. मी चिडवायची, "अण्णा, देवाचं नाव तरी इतक्या नेमानं घे की!" आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत. मी सांगलीहून द्राक्षं, डाळिंबं न्यायची आणि वहिनी ती निम्म्या गल्लीत वाटून टाकायची. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू! म्हणून यंदा मी कुणाला वाटता येणार नाही असं काहीतरी नेलं. पपनसाच्या जातीच्या कुठल्याशा परदेशी फळाचा अर्क, कॅप्सूलमध्ये भरलेला. शेजारीण विकते. "रक्तवाहिन्या लख्ख होतात," असं तिने छातीठोकपणे सांगितलं. बाटलीवर फळाचं सुरेख चित्र होतं. तीस वर्षं मी शाळेत पोरांना 'सूचना नीट वाचा' म्हणून ओरडत आले, आणि स्वतः ते चित्र तेवढं वाचलं. दुसरी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, असं खाली बारीक इंग्रजीत छापलं होतं, ते अण्णा गेल्यावर भिंग घेऊन बघितलं...

अण्णा बाटली हलवून खूप हसला होता. "शाले, फळंबी गोळीत आली व्हय गं? आता चावायचंबी काम उरलं न्हाई म्हण की!" पण खायला लागला. संपली तशी मी दुसरी नेली, मग तिसरी. मधेच एकदा फोनवर म्हणाला, "मांड्या लय भरून आल्यात गं. उसाला पाणी पाजलं न्हवं का दोन दिस." मी म्हटलं, तेल लाव, शेक घे. पुढे जिना चढवेना, लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली, तेव्हा कुठे पोराला सांगितलं. त्याने कराडच्या दवाखान्यात भरती केलं. तिथे डॉक्टरांनी माझ्यासमोर विचारलं, "या गोळ्यांशिवाय आणखी काही औषध घेता?" अण्णा म्हणाला, "न्हाई साहेब, तेवढंच." शेजारी उभी राहून मीसुद्धा मान हलवली. आम्ही खोटं बोलत नव्हतो. फळ म्हणजे औषध, हे आम्हा दोघांच्या डोक्यातच आलं नाही. मूत्रपिंडं थकत गेली, आणि आठव्या दिवशी हृदयच थांबलं.

दिवस झाल्यावर मी ती बाटली घेऊन डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, अशा फळाने ही गोळी रक्तात वाढू शकते, स्नायूंना इजा होऊ शकते. पण मूत्रपिंडं आधीच नाजूक होती, हृदयही अधू होतं. "कदाचित यानं झालं असेल, कदाचित नसेलही." आता या कदाचितचं मी काय करू? सकाळी वाटतं, मीच माझ्या भावाला मारलं. दुपारी वाटतं, बाई, तू कोण एवढी लागून गेलीस? मग शेजारणीचा संताप येतो, तिच्याशी भांडूनही आले. ती बिचारी रडली, ती स्वतः तेच खाते. मग अण्णाचाच राग येतो...

गेल्या रविवारी उंब्रजला गेले ते वहिनीला सगळं सांगायचंच असं ठरवून. वहिनीने चहा दिला. कप खाली ठेवून म्हटलं, "वहिनी, माझ्या त्या कॅप्सूलांनी अण्णा गेला असेल."

वहिनी शांतपणे म्हणाली, "मला ठावं हाय, वन्सं. त्यास्नीबी ठावं व्हतं. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा इचारलं, तवा तुमास्नी चहा आणाया धाडलं आन् समदं सांगितलं. मला म्हणालं, शालीच्या कानावर घालू नगंस. मायेनं आणलंय तिनं."

म्हणजे मी बाटली टेबलावर ठेवली तेव्हा डॉक्टरांना सगळं आधीच माहीत होतं. मग ते 'कदाचित' त्यांचं होतं, की माझ्यासाठी अण्णाने त्यांच्याकडून मागून घेतलेलं? वहिनीला विचारलं, तर म्हणाली, "ते मला न्हाई बा ठावं."

घराच्या पुढच्या सोप्यातल्या त्याच्या कॉटवर मी किती वेळ बसून होते कोण जाणे. त्याची फौजेतली घोंगडी वहिनी अजून रोज त्याच्यासारखी, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घालून उशाला ठेवते. माझ्या बसण्याने ती विस्कटली होती. निघताना मी तिची घडी तीनदा घातली, तीनदा मोडली. शेवटी तशीच ठेवून बाहेर आले.