नको तिथे उमटलेली रेघ

निम्मी भांडी घासून झाली होती, तेवढ्यात धाकटी नणंद प्रयोगशाळेतून आली आणि ओट्यापाशी स्टूल ओढून बसली. पेशीतली साखर वापरायला मदत करणारं एक एन्झाइम ती दोन वर्षं शोधते आहे. कुपीतली अँटिबॉडी, म्हणजे नेमकं तेच ओळखून धरणारं प्रथिन, त्याला चिकटली की कागदावर रेघ उमटते.

"आज उमटली," ती म्हणाली.

"मग तोंड पाडून का बसलीस?"

"वहिनी, एन्झाइम नसलेल्या नमुन्यातही उमटली. अँटिबॉडी भलत्यालाच चिकटतेय. आता आधीच्या रेघांवर तरी विश्वास कसा ठेवू?"

"मी तर रोज देवाकडे रेघच मागत होते," मी म्हणाले.

"तुमच्या देवाला पत्ता नीट सांगा," ती हसली.

भांडी आवरून देवापुढे हात जोडले, पण रेघ उमटू दे म्हणू की नको, काही ठरेना. उद्या ती दुसऱ्या कंपनीची कुपी आणायला जाणार आहे.