मौनव्रतातले भाषणस्वातंत्र्य

श्रीगणेश आणि शारदा यांना वंदन करून, नातवाच्या पहिल्या मतदानानिमित्त ही आठवण लिहितो.

वऱ्हाड मध्यप्रदेशात होते तेव्हा, मतदानाच्या आदल्या दिवशी, चिखलीच्या देवळात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मतदान व भाषणस्वातंत्र्य यांवर मार्गदर्शन करण्याचे मी मान्य केले. तो दिवस सोमवार, आणि सोमवारी माझे मौनव्रत असते, हे खुर्चीवर बसल्यावर ध्यानात आले. मी पाटीवर लिहिले, ‘निर्भयपणे बोला.’ आदरापोटी सारे गप्प राहिले आणि प्रश्नही त्याच पाटीवर लिहू लागले.

एकाने लिहिले, ‘वडील सांगतील त्यालाच मत द्यावे का?’ मी खाली लिहिले, ‘मत तुझे आहे.’

शेजारी बसलेल्या त्याच्या वडिलांना अक्षरओळख नव्हती. “काय लिहून राह्यले गुरुजी? वाच बे.”

मुलाने पाटी वाचून दाखवली. “मत माह्यं आहे म्हणतात, आबा.”

“गुरुजी त काहीच बोलले नाही. तूच बोलून राह्यला.”

मुलाने माझ्याकडे पाहिले. वीस वर्षांचे व्रत मोडून मी म्हणालो, “त्याने बरोबर वाचले.”

“मंग देऊ दे त्याले पायजे त्याले,” वडील म्हणाले. “पण गुरुजी, व्रत काऊन मोडलं? नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.”

वाचकहो, आपल्या घरी प्रत्येकाला वाणी लाभो, आणि ती ऐकणारे कानही लाभोत.