बाबांच्या तोंडी घातलेलं वाक्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुला सांगतोय, पण एक अट आहे — मध्येच "जाऊ दे रे, वय काय होतं तुझं तेव्हा" असं म्हणायचं नाही. वय सव्वीस होतं. खोटं म्हणजे काय, ते सव्वीस वर्षांच्या माणसाला चांगलं कळतं.

गेल्या महिन्यात इथे अमेरिकेत, फ्रीमाँटला एका घरी चहाला गेलो होतो. दहा-बारा मराठी माणसं, सगळी माझ्यासारखीच केस पांढरे झालेली. पुण्याच्या ट्रॅफिकवरून विषय निघाला आणि कुणीतरी ते नेहमीचं वाक्य टाकलं — इंग्रज राहिले असते तर बरं झालं असतं. सगळे हसले. मी कप खाली ठेवला आणि सरळ गाडीत जाऊन बसलो. बायकोला वाटलं, मला राग आला. राग कसला डोंबलाचा? तेच वाक्य मी एकदा बोललो होतो, भर सभेत. आणि माझं वाक्य ऐकून कुणी हसलं नव्हतं. त्यावर लोकांनी मतं दिली होती.

थांब, नीट सांगतो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी सॅन होजेजवळ एम.एस. करत होतो आणि तेबो माझा रूममेट होता. पॅसिफिकमधल्या एका बेटावरचा. बेटाचं नाव सांगणार नाही, माणसं इतकी थोडी आहेत तिथे की मी कुणाबद्दल बोलतोय ते लगेच कळेल. महायुद्धानंतर ते बेट अमेरिकेकडे आलं आणि तसंच राहिलं. आता तिथे मतदान व्हायचं होतं — अमेरिकेबरोबरच राहायचं, की वेगळं होऊन आपलं राज्य आपण चालवायचं? तेबो इलेक्ट्रिकल शिकायला आला होता तो एवढ्यासाठीच. वेगळे झालो की परत जाणार आणि बेटाचं वीजघर सांभाळणार. कुकर लावला की हा सुरू. जनरेटर कुठे बसवायचा, तारा कुठून न्यायच्या, शाळेला आधी वीज द्यायची की दवाखान्याला. मी म्हणायचो, यार, आमच्या एका तालुक्याएवढी वस्ती नाही तुमची, तुम्हाला देश कशाला हवाय? तो हसायचा. चिडायचा नाही.

चिडायचो मी. का चिडायचो ते सांगायलाच हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे.

मी बाबांना शब्द देऊन आलो होतो. दोन वर्षं, डिग्री हातात आली की परत. बाबा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी शाळेत मास्तर. बेचाळीसच्या चळवळीत कॉलेज सोडलं, दीड वर्ष तुरुंगात काढलं. मोर्चात गुडघ्यावर लाठी बसली ती अशी, की पुढे जन्मभर त्यांना मांडी घालता आली नाही. लग्नाच्या पंगतीत सगळे पाटावर बसायचे आणि बाबा टोकाला स्टुलावर, ताट मांडीवर घेऊन. पेन्शनचा फॉर्म कुणी आणून दिला तर म्हणाले, ती नोकरी नव्हती. शेजारचे एक काका रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन तेच बोलायचे, इंग्रजांच्या वेळी असं नव्हतं हो मास्तर! बाबा वाद घालत नसत. काठी घेऊन उठायचे आणि आत जायचे.

आणि मी? मी परत जाणार नव्हतो. हे मला सहा महिन्यांतच कळलं होतं. एका कंपनीची ऑफर आली होती, ग्रीन कार्डचंही बोलणं झालं होतं. बाबांना मात्र काही लिहिलं नव्हतं. आणि शेजारच्या पलंगावर हा प्राणी! याला अजून धड देशसुद्धा नाही आणि हा परत जायची तयारी करतोय. रोज, माझ्या डोळ्यांसमोर. तो खरंच गेला असता तर मी माझ्या नजरेत कोण उरलो असतो? मला ते बघवत नव्हतं. सरळ सांगतो, त्याचा मला हेवा वाटायचा आणि त्याने हरावं असं वाटायचं.

तिथल्याच पीच आणि जर्दाळू डबाबंद करायच्या एका कारखान्यात त्याच्या बेटावरची तीस-चाळीस माणसं कामाला होती. सगळी त्याच्या मावश्या, मामा, आज्या. त्यांना टपालाने मत द्यायचं होतं आणि त्यांचं काही ठरत नव्हतं. वेगळं होऊन आपलं निभेल का, एवढीच धास्ती. तेबोच्या डोक्यात आलं की असं वेगळं होऊन दाखवलेल्या देशाच्या माणसाला विचारावं. म्हणजे मला. तो म्हणाला, बाकी काही बोलू नकोस, फक्त तुझ्या वडिलांबद्दल सांग. बाबांची गोष्ट मीच त्याला सांगितली होती, गुडघ्यासकट, काठी घेऊन आत जाण्यासकट.

आणि एक गोष्ट त्याने मला फार आधी सांगून ठेवली होती. त्यांच्याकडे अशी रीत आहे की माणूस आपल्या वडिलांचं म्हणणं म्हणून जे सांगतो, ते तसंच स्वीकारायचं. उलट प्रश्न नाही, शंका नाही. बापाच्या नावावर खोटं कोण बोलेल? हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर —

रविवारी दुपारी त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये गेलो. मी मांस खात नाही म्हणून माझ्यासाठी वेगळं शिजवलेलं. नारळाच्या दुधात अळकुड्या, आपल्याच अळकुड्या, फक्त आकाराने दांडग्या. पाहुण्याने पहिला घास घेईपर्यंत कुणी ताटाला हात लावला नाही. म्हाताऱ्या बायका माझ्याकडे मायेने बघत होत्या. मग मी उभा राहिलो. मी इंग्रजीत बोलायचं आणि तेबोने त्यांच्या भाषेत सांगायचं असं ठरलं होतं.

चळवळ सांगितली, तुरुंग सांगितला, लाठी सांगितली. सगळं खरं. आणि मग मी म्हणालो, "आज माझे वडील गुडघा चोळत म्हणतात, मी हा फुकट मोडून घेतला. इंग्रज होते तेच बरं होतं."

तेबोने माझ्याकडे पाहिलं. त्याला माहीत होतं ना! बाबा असं म्हणत नाहीत हे हॉलमध्ये दोघांनाच माहीत होतं, मला आणि त्याला. त्याने एक शब्द गाळला असता, फिरवला असता, तर मला कळलंही नसतं, मला त्यांची भाषा कुठे येते? पण मी ते बापाचं म्हणणं म्हणून सांगितलं होतं. तो लोकांकडे वळला आणि त्याने ते वाक्य सांगितलं. पूर्ण. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने स्वतःच्याच गुडघ्यावर हात ठेवला, ते पाहून मला कळलं की त्याने गुडघाही गाळला नव्हता.

एवढंच असतं तरी पुष्कळ होतं. पण एवढंच नाही. मी बाबांना त्या सभेबद्दल कळवलं होतं, आणि त्यांचं निळं एअरोग्राम पत्र आलं होतं. वर मराठीत 'त्या मंडळींना वाचून दाखव' आणि खाली मुद्दाम इंग्रजीत, शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं सुटं सुटं अक्षर. लिहिलं होतं की आम्हाला कुणी मत विचारलं नव्हतं, तुम्हाला विचारताहेत, तेव्हा घाबरून ठरवू नका. स्वातंत्र्याने माझं घर श्रीमंत झालं नाही. पण त्यानंतर ज्या चुका झाल्या त्या आमच्या होत्या, आणि आपली चूक आपण सुधारू शकतो. गुडघा दुखतो, पण पस्तावा नाही. ते पत्र मी बोलत होतो तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात होतं.

परत येताना गाडी तेबो चालवत होता. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्याने विचारलं, "तुझ्या वडिलांचा गुडघा आता कसा आहे?" मी म्हणालो, बरा आहे. त्यानंतर त्या विषयावर तो कधीही बोलला नाही.

बेट अमेरिकेबरोबर राहिलं. किती मतांच्या फरकाने, ते मला माहीत आहे. तुला सांगणार नाही, कारण तू लगेच हिशेब मांडशील आणि म्हणशील, अरे, तुझ्या त्या तीस-चाळीस मतांनी काय होणार होतं. आणि हेही ऐकून घे की बेटाचं वाईट झालं नाही. रस्ते झाले, दवाखाना झाला. कदाचित बरोबर राहणंच शहाणपणाचं असेल. त्यांनी ते स्वतः ठरवलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण त्या हॉलमधल्या माणसांनी ठरवलं ते एका पस्तावलेल्या म्हाताऱ्याकडे बघून, आणि असा म्हातारा जगात कुठेच नव्हता. तेबो परत गेला नाही. टेक्ससमध्ये नोकरी धरली, घर घेतलं, माझ्यासारखाच इथला झाला. मला हेच हवं होतं ना? मिळालं.

दोन वर्षांनी गावी गेलो. परत येणार नाही हे बाबांना तोवर कळून चुकलं होतं. त्यांनी एकच विचारलं, "पत्र वाचून दाखवलंस का रे त्या लोकांना?"

"हो," म्हणालो. "एक म्हातारी रडली."

बाबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! मी अमेरिकेला जाऊन केलेलं हे एकच काम त्यांना आवडलं. गावभर सांगितलं त्यांनी. त्या शेजारच्या काकांनाही, ओट्यावर बसून. पुढे गेले तेही याच समाधानात.

तेबोचा फोन नंबर माझ्याकडे आहे. फोन केला तर तो मला माफ करेल, तसाच आहे तो. म्हणूनच करत नाही. माफी मिळाली तर मला बरं वाटेल, आणि मला बरं वाटावं असं मी काहीही केलेलं नाही. तुझ्याकडूनही काही नको. फक्त कधी कुठे चहाच्या टेबलावर कुणी ते वाक्य टाकलं, आणि साताऱ्याकडच्या एका स्वातंत्र्यसैनिकानेही म्हणे असंच म्हटलं होतं असं सांगितलं, तर एवढं सांग, ते खोटं आहे. बाबांनी तसं कधीच म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं.